शाळा एक, टीम दुसरीच: चालतं का हो ताई?

मागच्या अंकात मी रोबोटिक्स टीमची मेंटॉर म्हणून काय काय उद्योग करते ते लिहिलं होतं. त्यावर बरेच मेल आले, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त मेलमध्ये प्रश्न एकच, फक्त गाव वेगळं. आमच्या शाळेत टीम नाही, शेजारच्या शाळेत आहे, ते घेतील का? म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. नावं काढून टाकलीत, पत्रं जरा छाटलीत, रागावू नका.

प्रश्न: ताई, आम्ही मिशिगनमध्ये राहतो. मुलगा ऑगस्टमध्ये नववीत जाईल. त्याच्या हायस्कूलमध्ये टीम होती पण चालवणारे सर रिटायर झाले आणि टीम बंद पडली. पंधरा मिनिटांवर दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या शाळेत मोठी एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, हायस्कूलच्या मुलांची रोबोट स्पर्धा) टीम आहे. ते बाहेरचा मुलगा घेतील का? नवरा म्हणतो विचारत काय बसायचं, स्कूल्स ऑफ चॉइसमधून (दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत प्रवेश घ्यायची सोय) सरळ शाळाच बदलून टाकू.

उत्तर: शाळा बदलायचं आधी डोक्यातून काढा. म्हणजे रस्ता आहे, नाही असं नाही, पण त्या डिस्ट्रिक्टने जागा उघडलेल्या हव्यात, अर्जाची तारीख गाठायला हवी, रोजची ने-आण बहुतेक तुमच्याच गळ्यात येणार, आणि हे सगळं कशासाठी तर मुलाला आवडेल की नाही हेच अजून माहीत नसलेल्या एका टीमसाठी. नववीतली पोरं सप्टेंबरमध्ये रोबोट रोबोट करत नाचतात आणि थँक्सगिव्हिंग येईपर्यंत मार्चिंग बँडमध्ये गेलेली असतात, मी दर वर्षी बघते.

आता मूळ प्रश्न. एफआरसी चालवते ती फर्स्ट ही संस्था, डीन केमननी १९८९ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू केलेली, आणि १९९२ ची पहिली स्पर्धा तिथल्याच एका हायस्कूलच्या जिममध्ये २८ टीम घेऊन झाली होती. या फर्स्टला तुमचा मुलगा कुठल्या शाळेत जातो याच्याशी काही देणंघेणं नाही. टीम शाळेचीच असली पाहिजे असा नियमच नाही. गर्ल स्काउट्सच्या टीम आहेत, फोर-एच या मुलांच्या क्लबच्या आहेत, कुणाच्या तरी गराजमधून चालणाऱ्या आहेत. ह्यूस्टनजवळची ११८ नंबरची रोबोनॉट्स, जिचे व्हिडिओ तुमच्या मुलाने शंभर टक्के पाहिले असणार, ती क्लिअर क्रीक डिस्ट्रिक्टच्या शाळांची मिळून आहे आणि पाठीशी नासाचं जॉन्सन स्पेस सेंटर. म्हणजे एका टीममध्ये अनेक शाळांची पोरं ही काही जगावेगळी गोष्ट नाही.

मग नकार येतो कुठून? तर तो येतो यजमान शाळेकडून, आणि दर वेळी कारण खडूसपणा असतो असं नाही हं. प्रिन्सिपल बाईंच्या डोळ्यासमोर काय येतं ते बघा: बाहेरच्या पोराचं बोट ड्रिल प्रेसमध्ये गेलं तर इन्शुरन्स कुणाचा, शाळेच्या बसमधून शाळेत नसलेला मुलगा नेता येतो का, संध्याकाळी सातनंतर बिल्डिंगमध्ये कोण आहे हे ऑफिसला कसं कळणार, आणि आपल्याच डिस्ट्रिक्टचे पालक ‘आमच्या टॅक्सच्या पैशाने दुसऱ्यांची पोरं का शिकवता’ म्हणून बोर्ड मीटिंगला उभे राहिले तर काय. म्हणून तुमचा मेल ‘माझा मुलगा खूप हुशार आहे, लेगोची आवड आहे’ असा नको. हुशार त्यांच्याकडे चाळीस आहेत. मेलमध्ये लिहा की ने-आण आम्ही करू, शाळेचा जो काही फॉर्म असेल तो भरू, टीमची फी त्यांच्या मुलांइतकीच देऊ, आणि आम्हा दोघांपैकी एक जण आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे कामाला येईल. हे शेवटचं सगळ्यात जड वाक्य आहे. टीमला पोरं कमी पडत नाहीत, मोठी माणसं कमी पडतात. फर्स्टच्या नियमाने प्रत्येक टीमला बॅकग्राउंड चेक झालेले किमान दोन मोठे लागतातच, आणि खरं सांगायचं तर दोनमध्ये काहीच भागत नाही. पत्राच्या तळाशी तुम्ही लिहिलंय की दोघंही ऑटोमोटिव्हमध्ये आहात, अहो मग ते सगळ्यात वर लिहा ना! मिशिगनमधल्या कितीतरी टीम गाड्यांच्या कंपन्यांतल्या इंजिनिअर लोकांच्या जिवावर चालतात, आणि कंपनीकडून स्पॉन्सरशिप मिळवायला आत काम करणारा माणूस असणं म्हणजे अर्धं काम झालेलं. एफआरसीची नुसती नाव नोंदणी सहा हजार डॉलरच्या पुढे जाते हे लक्षात घ्या, रोबोट त्यानंतर.

बसचं म्हणाल तर मिशिगनवाल्यांना त्यातल्या त्यात सोपं आहे. तिथे २००९ पासून डिस्ट्रिक्ट पद्धत आहे, म्हणजे सुरुवातीच्या स्पर्धा राज्यातल्या राज्यात वीकेंडला, बऱ्याचदा एखाद्या हायस्कूलमध्येच होतात आणि आपण आपल्या गाडीने जाऊ शकतो. सॅगिनॉ व्हॅलीला स्टेट फायनलपर्यंत टीम पोचली तर हॉटेल वगैरे भानगड येते, पण ते दुखणं गोड आहे.

वेळ मात्र सांभाळा. जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी नवा गेम, म्हणजे यंदा रोबोटने काय करायचं ते, जाहीर होतो आणि त्यानंतर कोच लोक माणसात नसतात, तेव्हा आलेला मेल मी स्वतः मार्चमध्ये उघडलाय. मे महिन्यात किंवा शाळा सुरू होताना विचारा.

आणि एक माझ्याच चुकीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये दुसऱ्या शाळेचा एक मुलगा घेतला, सगळे फॉर्म भरले, सह्या झाल्या, मी खुश. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी पोरगं पंचवीस मिनिटं बर्फात बाहेर उभं, कारण साडेपाचनंतर दार फक्त शाळेच्या आयडी कार्डने उघडतं आणि त्याच्याकडे ते नव्हतंच, फोनची बॅटरी गेलेली, आत ग्राइंडर चालू म्हणून दार वाजवलेलं कुणाला ऐकू नाही. त्याच्या आईपुढे उभं राहताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून बाहेरचं मूल आलं की मी पहिला प्रश्न विचारते, दार कोण उघडणार? तुम्हीही विचारा.

प्रश्न: हाय ताई, मी दहावीत आहे (न्यू जर्सी). माझ्या शाळेत टीम नाही म्हणून मागच्या वर्षीपासून शेजारच्या शाळेच्या टीममध्ये जाते. सगळे बोलतात चांगलं, पण मीटिंग त्यांच्या लंच ब्रेकमध्ये होतात आणि मला संध्याकाळी कळतं की डिझाइन बदललं. जॅकेटवर त्यांच्या शाळेचा मॅस्कॉट आहे. आणि एक सीनियर म्हणाला की ड्राइव्ह टीममध्ये (मॅचमध्ये रोबोट चालवणाऱ्यांत) आमच्याच शाळेचे असतात. आईला सांगितलं तर ती म्हणते सोडून दे. मला सोडायचं नाहीये.

उत्तर: नको सोडूस. आईला म्हणावं ताईने सांगितलंय.

पण तीन गोष्टी तू एकात घातल्यास, त्या आधी सोडव. जॅकेटचं सोड, मॅस्कॉट अंगावर घातल्याने कुणी बाटत नाही, मी पुण्याची असून इतकी वर्षं लांडग्याचं चित्र असलेला टीशर्ट घालते. लंच मीटिंग हा मात्र खरा अन्याय आहे आणि तो कुणी मुद्दाम करत नाहीये, म्हणून तो आपोआप थांबणारही नाही. कॅप्टनला किंवा मेंटॉरला सरळ सांग की लंचमध्ये काही ठरलं तर त्याच दिवशी चार ओळी ग्रुपवर टाका. आणि नुसतं सांगू नकोस, ‘मीटिंगच्या नोट्स ठेवायचं काम मी घेते, तुम्ही मला व्हॉइस नोट पाठवा, मी लिहून काढते’ असं म्हण. एकदा नोट्स तुझ्याकडे आल्या की काय ठरलं हे बाकीच्यांना तुझ्याकडून कळायला लागतं, बघ तू गंमत.

ड्राइव्ह टीमचं काय, तर एक सीनियर म्हणाला म्हणजे तो नियम झाला का? कोचला विचार, हा टीमचा ठरलेला नियम आहे की तशी पद्धत पडलीये? फर्स्टचा असा काही नियम नाही. लेखी नियम असेल तर निदान तुला कळेल तरी, मग राहायचं का ते तू ठरव. नुसती पद्धत असेल तर ट्रायआउट कधी आहे ते विचार आणि जा. अडीच मिनिटांच्या मॅचमध्ये जॉयस्टिकला कुणाची शाळा दिसत नाही.

तोवर असं काम धर ज्याला लंचची गरज नाही. प्रत्येक मॅचला मैदानात सहा रोबोट असतात, तीन विरुद्ध तीन, आणि प्रत्येकावर नजर ठेवायला एक म्हणजे सहा स्काउट दिवसभर स्टँडमध्ये बसवावे लागतात. ते काम कुणालाच नको असतं, पाठ दुखते, पिझ्झा शेवटी मिळतो. पण अलायन्स सिलेक्शन, म्हणजे पुढच्या फेरीसाठी जोडीदार टीम निवडायची वेळ, आली की सगळी टीम स्काउटिंगच्या आकड्यांभोवती गोळा होते, कुणाला घ्यायचं, कुणाचा रोबोट चढताना अडकतो, कुणाची बॅटरी शेवटी मान टाकते. ते आकडे ज्याच्या लॅपटॉपमध्ये आहेत त्याला ‘तू कुठल्या शाळेची’ असं तेव्हा कुणी विचारत नाही. कोडिंग येत असेल तर तेही घरून होतं, २०२४ च्या सीझनपासून पायथनला अधिकृत मान्यता आहे, जावाच यायला पाहिजे असं राहिलं नाही.

आणि हो, एमआयटीचे प्रोफेसर वुडी फ्लॉवर्स, २०१९ मध्ये गेले ते, त्यांनी या स्पर्धेत ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ हा शब्द रुजवला. म्हणजे जीव तोडून खेळायचं आणि समोरच्यालाही माणूस म्हणून धरायचं. तुमच्या टीमच्या बॅनरवर ते छापलेलं असणारच. भांडताना ते वापरू नकोस, चिडतात लोक. मनात ठेव फक्त.

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी सांगली जिल्ह्यातून लिहितो. मुलगी आठवीत, मराठी माध्यमाच्या शाळेत. गावातल्याच दुसऱ्या शाळेत अटल लॅब आहे, थ्रीडी प्रिंटर आहे असं ऐकतो, पण बऱ्याचदा कुलूपच दिसतं. तिथे जाऊन विचारलं तर ‘आमच्या विद्यार्थ्यांसाठी आहे’ म्हणाले. खासगी क्लासची फी आम्हाला झेपणारी नाही. काय करता येईल?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून मी जरा गप्पच बसले. कुलूप लावलेला थ्रीडी प्रिंटर ही आपल्याकडची फार ओळखीची गोष्ट आहे.

अटल टिंकरिंग लॅब म्हणजे नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची योजना, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, आणि देशात अशा १०,००० लॅब झाल्यात. पैसा सरकारी आहे, आणि आजूबाजूच्या शाळांना, गावाला लॅबचा उपयोग करून द्यावा ही त्या योजनेतलीच अपेक्षा आहे. म्हणजे तुम्ही दारात गेलात ते भीक मागायला नाही. पण म्हणून हातात योजनेचा कागद नाचवत पुन्हा जाऊ नका, मुख्याध्यापक एकदा बिथरले की पाच वर्षं दार उघडत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

लॅब बंद का असते ते आधी शोधा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, लॅब सांभाळणारे सर विज्ञानाचेच असतात, त्यांच्याकडे दहावीचे तास, वर इलेक्शन ड्यूटी, आणि काही मोडलं तर आपल्या अंगावर येईल ही भीती. मग तुम्ही एकटे जाऊ नका. मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून पत्र घ्या, म्हणजे मागणी एका पालकाची न राहता एका शाळेची दुसऱ्या शाळेकडे होते, आणि त्यात अगदी थोडं मागा. शनिवारी दुपारी दोन तास, सहा मुलं, सोबत आमचे एक शिक्षक, जे मोडेल ते भरून देऊ. जवळपास आयटीआय किंवा पॉलिटेक्निक असेल तर तिथला एखादा इलेक्ट्रॉनिक्सचा पोरगा दोन शनिवार यायला तयार होतो का बघा, लॅबवाल्या सरांचाही जीव भांड्यात पडेल.

टीमच करायची असेल तर दोन्ही शाळांची मिळून करा ना. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडला टीम दोन किंवा तीन मुलांची लागते, सोबत एक कोच, बस. त्यांची दोन आणि तुमची एक. त्या शाळेलाही बोर्डावर लावायला काहीतरी मिळतं, आणि मग ‘आमच्या विद्यार्थ्यांसाठी’ या वाक्यात तुमची लेक बसते. तोवर घरी आर्डुइनोचा (प्रोग्राम करता येतो असा छोटा सर्किट बोर्ड) साधा बोर्ड आणि दोन मोटर घेऊन सुरुवात करा, कंपनीचा किट नको, बोर्डसारखा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. काय झालं ते मला कळवा, हे मी उगाच म्हणत नाहीये.

प्रश्न: भाची फ्लोरिडात आहे, होमस्कूलिंग करते. तिला शाळाच नाही, मग टीम कुठली?

उत्तर: उलट तिला सगळ्यात मोकळं रान आहे. फ्लोरिडात १९९६ पासून कायदाच आहे की घरी शिकणाऱ्या मुलांना पब्लिक शाळेच्या इतर उपक्रमांत भाग घेता येतो, अमेरिकन फुटबॉलवाला टिम टीबो तसाच होमस्कूलिंग करत हायस्कूलच्या टीममधून खेळला. अभ्यासाच्या काही अटी आणि आधी नाव नोंदवणं असतं, ते डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात विचारा. नाहीतर फोर-एच किंवा कम्युनिटी टीम बघा, तिथे शाळेचा विषयच येत नाही.

प्रश्न: मी पुण्यात एका शाळेची एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज, फर्स्टचीच छोट्या रोबोटची स्पर्धा) टीम चालवतो. यंदा बाहेरच्या शाळांची तीन मुलं विचारत आली, तिन्ही भारी आहेत, एकाचं कॅड (कॉम्प्युटरवरचं डिझाइन) तर माझ्यापेक्षा चांगलं. पण मॅनेजमेंट म्हणते ट्रॉफीवर नाव आपल्या शाळेचं आणि डोकं दुसऱ्यांचं, हे काय. आणि आमच्याच मुलांचे पालक कुरकुरतायत की आमच्यांची जागा गेली.

उत्तर: सर, यात मी तुमच्या पालकांच्या बाजूने थोडी आहे, आवडणार नाही तुम्हाला. एफटीसीच्या एका टीममध्ये जास्तीत जास्त पंधरा मुलं. पंधराच्या पंधरा जागा तुमच्या शाळेच्या मुलांनी भरत असतील आणि तुम्ही कॅड भारी आहे म्हणून बाहेरचा आत घेऊन सातवीतला एखादा गोंधळलेला पोरगा बाहेर ठेवणार असाल, तर ती शाळेची टीम राहत नाही, तो आयपीएलचा लिलाव झाला. शाळेच्या टीमचं काम त्या गोंधळलेल्या पोराला अठरा इंची डब्यात मावणारा रोबोट बांधायला शिकवणं हे आहे. जागा रिकाम्या असतील तर मात्र एक क्षण विचार करू नका, घ्या.

जागा नसतील तर त्या तिघांना नाही म्हणून घरी पाठवू नका. तीन मुलं म्हणजे नवी टीम सुरू व्हायला पुरेशी आहेत. नोंदणी वेगळी, नाव वेगळं, पण शनिवारी तुमचं मैदान वापरतील, बारा बाय बारा फुटांचं मैदान प्रत्येकाने कशाला मांडायचं, आणि तुमच्या पोरांना सरावाला समोर दुसरा रोबोट मिळेल, जो तुम्हाला आत्ता नाहीच आहे. मुंबईची ६०२४ नंबरची आर फॅक्टर बघा, एफआरसी खेळते, वेगवेगळ्या शाळांची मुलं एकत्र, ट्रॉफीवर कुठल्याच शाळेचं नाव नाही म्हणून त्यावरून भांडणही नाही. आणि एफटीसीची नॅशनल्स पुण्यात झालेली आहेत, म्हणजे तुमच्या गावात या खेळाला माणसं आहेत, एक टीम वाढली तर कुणाचं काही जात नाही.

मॅनेजमेंटला ट्रॉफीबद्दल एवढंच सांगा की टीमच्या नावात शाळेचं नाव घातलंच पाहिजे असं नाही. बातमी छापून आणताना पाहिजे तर ‘अमुक शाळेच्या लॅबमध्ये तयार झालेली’ असं लिहा. खूश होतील. मी हे आमच्याकडे करून बघितलंय, चालतं.

प्रश्न: मी डोंबिवलीची आजी. नातू कॅलिफोर्नियात आहे, रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत दुसऱ्याच कुठल्या शाळेत रोबोट करत बसतो असं सून सांगते. मला काही कळत नाही. हे बरं आहे का?

उत्तर: आजी, नमस्कार. बरं आहे. तिथे चेक झालेले दोन तरी मोठे असतात, पोरांच्या डोळ्यांवर चष्मे असतात, आणि तुमचा नातू बहुतेक या क्षणी सहा किलोची बॅटरी इकडून तिकडे नेत असेल, नव्या मुलांना पहिल्या वर्षी तेच काम मिळतं. सुनेला म्हणावं घ्यायला येणारी गाडी वेळेवर पाठव, बाकी काळजी नको. पुढच्या व्हिडिओ कॉलला त्याला म्हणा रोबोट दाखव, मग बघा, एरवी ‘हो आजी, नाही आजी’ करणारा पोरगा अर्धा तास थांबणार नाही.

आणि खाऊ पाठवणार असालच, तर चिवडा नको, शेंगदाणे असतात, टीममध्ये कुणा ना कुणाला त्याची ॲलर्जी निघते आणि डबा दारातच परत जातो. चकल्या पाठवा, आणि जरा जास्त पाठवा, चाळीस जण असतात.